डावीकडचा दुसरा दात

माणसाची नजर एकदा धंद्याला जुंपली की ती रस्त्यातही सुटत नाही. शिंप्याला समोरच्याची शिवण दिसते, न्हाव्याला मानेवरचे केस दिसतात, आणि कवळीबाईला दात दिसायचे. तेही तरण्याताठ्यांचे नाहीत. त्यांच्या दातांत बघण्यासारखं असतं काय? बस असो, बागेतलं बाकडं असो की कोणाच्या लग्नाचा हॉल असो, साठीच्या पुढचं माणूस खळखळून हसलं की ही बाई मान लांब करून बघायची. तोंडाकडे नव्हे, तोंडात.

कवळ्या बनवायची म्हणून गल्लीने तिला कवळीबाई केलं होतं, आणि तिनेही ते नाव निमूटपणे घेतलं होतं. गल्ली दवाखान्याच्या मागची. अरुंद जिना चढून गेलं की एक खोली, खिडकीशी एक जुनं संगमरवरी टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि भिंतीला लावलेली खणांची उंच पेटी. खणांत दात. पांढरे, पिवळट, त्याहून पिवळट, आणि चहा-सिगारेट न सोडणाऱ्यांसाठी एक वेगळाच खण. हवेत सतत प्लास्टरची भुकटी, म्हणून बाईच्या तोंडावर दिवसभर फडक्याचा मास्क.

कामाची रीत अशी होती. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेत. त्या मापाचा प्लास्टरचा जबडा डब्यात घालून मागच्या गल्लीत येई. डब्यावर नाव नसे, नुसता नंबर. कवळीबाई त्या जबड्यावर मेण चढवून एकेक दात बसवी आणि डबा परत पाठवी. डॉक्टर ते मेणातले दात पेशंटच्या तोंडात लावून बघत, आणि मग डबा गावाच्या दुसऱ्या टोकाला भट्टीवाल्याकडे जाई. तो मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी ओतून कवळी तयार करी आणि थेट दवाखान्यात पोचवी. म्हणजे बघा, हिने बसवलेले दात एकदा जिना उतरले की उतरले. माहेर कायमचं तुटल्यासारखे. हजारो तोंडांत हिचे दात जेवत होते, भांडत होते, हसत होते, आणि हिने त्यांतलं एकही तोंड पाहिलेलं नव्हतं.

दवाखान्यात जाऊन का बघत नव्हती? तर डॉक्टरांचा नियम. पेशंटला वाटतं, सगळं डॉक्टरच करतात. ते तसं वाटलेलं बरं असतं. शिवाय कवळी लावणारं माणूस ती लपवतं. त्याला घरच्यांनीसुद्धा बघितलेलं नको असतं, तिथे कारागिराला कोण तोंड दाखवणार!

बाईची मात्र एकच इच्छा होती. आपले दात एकदा, एकदाच, जिवंत माणसाच्या तोंडात हसताना बघायचे. आणि ते ओळखता यावेत म्हणून तिने एक खूण ठेवली होती. वरच्या ओळीतला, मधून मोजला तर डावीकडचा दुसरा दात ती किंचित वळवून बसवायची. किती किंचित? कोणाच्या डोळ्यावर यायचं नाही, पण शोधणाऱ्याला सापडेल, इतका. ही खूण तिने काही पुस्तकातून घेतली नव्हती. तिचा स्वतःचा डावीकडचा दुसरा दात तसाच होता. लहानपणी त्यावरून भावंडांनी इतकं चिडवलं की तिला ओठ मिटून हसायची सवय लागली ती लागलीच. दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणारी ही बाई स्वतःचं तोंड कधी उघडून हसायची नाही. आणि तोच चिडवलेला दात तिने गावभर वाटला होता. याला खोडसाळपणा म्हणा नाहीतर माया म्हणा.

तिचा नवरा पोस्टात खिडकीवर बसायचा. संध्याकाळी घरी आला की चहाच्या आधी हिचा प्रश्न: "आज कोणी हसलं का हो?"

"पोस्टात कोण हसतंय?" तो म्हणायचा. हा संवाद त्यांच्या घरात वर्षानुवर्षं घड्याळासारखा चालू होता.

खुणेचा दात तिला दोन-चारदा दिसलाही. एकदा बसमध्ये समोर बसलेले गृहस्थ मोबाइलवर काहीतरी बघून हसले, आणि वरच्या ओळीत डावीकडचा दुसरा, अगदी तसाच! ती पुढे वाकली आणि अदबीने म्हणाली, "किती वर्षं झाली?"

"कशाला?" गृहस्थ म्हणाले.

"दातांना."

"जन्मापासून आहेत माझे!"

"लाजू नका हो. काम झकास आहे."

गृहस्थ पुढच्याच स्टॉपवर उतरून गेले. त्यांचं घर तिथे नसावं, कारण ते तिथे बराच वेळ नुसते उभे होते. घरी आल्यावर बाई नवऱ्याला म्हणाली, "जन्मापासून म्हणे! जन्माला दात घेऊन कोण येतं? खोटं बोलायचं तर निदान धड बोलावं." जे जे सापडले, अगदी बागेतल्या एक आजीसुद्धा, ते सगळे असंच बोलले. माझेच आहेत, खरे आहेत, तुम्हाला काय करायचंय. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की लोक लाजतात.

त्या वर्षी गावातल्या शाळेने अकरावीच्या मुलांसाठी एक नवी टूम काढली. मुलांनी काही आठवडे वर्गाबाहेर जायचं, खऱ्या कामाच्या जागी जाऊन खरं काम शिकायचं, आणि शेवटी आईबापांसमोर हॉलमध्ये उभं राहून शिकलेलं करून दाखवायचं. याला इंटर्नशिप म्हणायचं. कवळीबाईच्या लहानपणी याला उमेदवारी म्हणत, आणि तिने ती मामाच्या हाताखाली केली होती. मामा दाताला दात बसला नाही की पाठीत हात बसवायचा. आता तसं नव्हतं. आता शाळेच्या एक मॅडम स्कूटरवरून फिरून सगळ्या जागा बघून जात, मुलांना जपून शिकवा म्हणून सांगत. मुलं त्यांना करिअर मॅडम म्हणत.

तर एका सकाळी जिन्यात पावलं वाजली आणि सोळा वर्षांची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. पाठीला बॅग, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, चेहऱ्यावर अन्याय झाल्याचा भाव.

"हा दवाखान्याचाच भाग आहे ना?" तिने विचारलं.

"दवाखाना आमचा भाग आहे," कवळीबाई म्हणाली. "आत ये. पंखा लावू नकोस, भुकटी उडते."

मुलीला डेंटिस्ट व्हायचं होतं. तिने दवाखाना मागितला होता, पण तिथली एकुलती एक जागा डॉक्टरांच्या भाचीने अडवली. वशिल्याच्या तट्टाला कोण अडवणार? करिअर मॅडमनी हिला समजावलं की दवाखान्याच्या मागेही दातांचंच काम चालतं, बघ तर खरी. मुलगी बघायला आली होती, आणि पहिले दोन दिवस तिने खरोखर नुसतं बघितलं. पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसून. तिसऱ्या दिवशी बाईने तिच्यापुढे प्लास्टरचं घमेलं ठेवलं.

"उमेदवार, हे कालव. पातळ झालं तर जबड्याला भोकं पडतील, घट्ट झालं तर तुझ्याच डोक्यात घालीन."

तेव्हापासून तिचं नाव उमेदवार पडलं, आणि ती बाईला मावशी म्हणायला लागली. पोरगी हाताची चलाख होती, आणि तिच्या तोंडाला तर विश्रांतीच नव्हती. हे कोणाचे दात? एकशे बाराचे. म्हणजे माणूस कोण? माणूस आपल्याकडे येत नाही, त्याचा जबडा येतो. मग त्याला आवडले हे कसं कळतं? परत आले नाहीत म्हणजे आवडले. पण मावशी, परत आले नाहीत म्हणजे कदाचित कचऱ्यात टाकून दिले असतील!

कवळीबाईच्या हातातली मेणाची सुरी तिथेच थांबली. हा विचार तिच्या मनात कधीच आला नव्हता. "तोंड बंद ठेवून काम कर," ती म्हणाली, पण त्या रात्री तिला झोप उशिरा लागली.

हळूहळू बाईने पोरीला आपली विद्या दाखवली. दात कसे निवडायचे, माणसाचं वय काय ते जबड्यावरून कसं ताडायचं, आणि सुळ्यांची टोकं वयाप्रमाणे थोडी झिजवायची कशी. नाहीतर सत्तरीच्या आजोबांच्या तोंडात विशीतले सुळे, दिसायला वाघोबा. बसमधल्या गृहस्थांची गोष्टही सांगितली. पोरगी हसून हसून टेबलाखाली जायची बाकी राहिली. एवढं सगळं सांगितलं. खुणेचं मात्र सांगितलं नाही. ते काही शिकवायचं काम नव्हतं. ते तिचं तिचं होतं.

आठवड्यातून एकदा करिअर मॅडम यायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, धिप्पाड, आणि हसणं असं की खालच्या सायकलवाल्याने मान वर करावी. पोरीने पहिल्यांदा बसवलेले दात बघून त्या हसल्या तेव्हा कवळीबाई मास्कच्या आडून त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. घरी गेल्यावर चहासुद्धा न टाकता नवऱ्याला म्हणाली:

"त्या मॅडमची वरची कवळी आहे. छातीवर हात ठेवून सांगते."

"त्यांना विचारलं नाहीस ना?" नवरा घाबरून म्हणाला.

"आपले नसतील तर कशाला विचारू? पण काय काम आहे हो! रंग नेमका, सुळे वयाला शोभतील असे झिजवलेले, ओठाला पोटभर आधार. नुसता डावीकडचा दुसरा दात सरळ. अगदी फूटपट्टीने आखल्यासारखा. कारागीर चांगला आहे, पण भित्रा."

पुढच्या आठवड्यात मॅडम येऊन गेल्या की पुन्हा तेच. चांगला आहे, पण भित्रा. नवऱ्याला त्या अनोळखी कारागिराची दया यायला लागली. खरं सांगायचं तर कवळीबाईला त्याचा हेवा वाटत होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं की या भागात असं काम फक्त आपणच करतो, आणि हा कोण टिकोजीराव निघाला होता!

मग एक दिवस बाईला बँकेत जावं लागलं. टेबलावर एक जबडा तयार होता, फक्त डब्यात घालून पाठवायचा होता. उमेदवाराने तो उचलून डोळ्यांसमोर धरला, आणि तिला डावीकडचा दुसरा दात वळलेला दिसला. तिला वाटलं, मावशींचा हात चुकला. वय झालं, चालायचंच. बिचारीला बोल लागायला नको म्हणून तिने सुरी दिव्यावर धरून गरम केली, मेण सैल केलं, दात अलगद सरळ केला, डबा बंद केला आणि पाठवून दिला. परत आलेल्या बाईला तिने काही सांगितलं नाही. उपकार सांगायचे नसतात, असं तिच्या आईने शिकवलं होतं. चांगल्या घरच्या मुली कधीकधी असा घात करतात.

दोन दिवसांनी आक्रीत घडलं. खुद्द डॉक्टर जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत ते दोनदा आले असतील, तेही भाड्याच्या खोलीला आग लागल्याची अफवा उठली तेव्हा. धापा टाकत खुर्चीवर बसले आणि खूश होऊन म्हणाले, "ताई, अभिनंदन करायला आलोय. या वेळी डावा दात सरळ आला!"

"कुठला डावा?" कवळीबाई म्हणाली.

"वरचा दुसरा हो. नाहीतर दर वेळी तो वळलेला यायचा आणि मलाच सरळ करावा लागायचा. पेशंट यायच्या आधी सुरी गरम करायची, एक दाब द्यायचा, झालं. माझी तर सवयच होऊन गेली होती."

"दर वेळी?"

"पहिल्यापासून. मला वाटलं, ताईंची नजर जरा तिरकी असेल. माणूस इतकं सुंदर काम करतं, त्याला कुठे बोलून दुखवायचं? म्हणून कधी विषय काढला नाही. चष्मा बदललात का?"

डॉक्टर मनाने फार चांगले होते. जगात निम्मं नुकसान मनाने चांगली माणसंच करतात. ते चहा न घेता निघून गेले.

उमेदवाराचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला होता. "मावशी, तो मी सरळ केला होता," ती म्हणाली. "मला वाटलं चुकलाय."

"हं."

"मी परत वाकडा करू? पुढच्यापासून? डॉक्टरांना सांगू का हात लावू नका म्हणून?"

"प्लास्टर कालव," कवळीबाई म्हणाली.

तिला पोरीचा राग आला नव्हता. डॉक्टरांचाही आला नाही. तिला वाईट वाटलं, मनापासून वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर काय करायचं ते तिला कधीच नीट जमायचं नाही. हजारो डबे गेले, हजारो वेळा कोणीतरी तिचा दात सरळ करून टाकला, आणि ती वेडी गावभर लोकांच्या तोंडात शोधत फिरली असा दात, जो कोणाच्याच तोंडात नव्हता. म्हणजे बसमधले ते गृहस्थ खरं बोलत होते. बागेतल्या आजीसुद्धा. सगळे खरं बोलत होते! त्यांचे दात जन्मापासूनचेच होते, आणि ही त्यांना लाजू नका म्हणून सांगत होती. आठवून तिला मास्कच्या आत घाम फुटला.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला, आज कोणी हसलं का, असं विचारलं नाही. त्यानेच थोड्या वेळाने आपणहून सांगितलं, "आज एक आजोबा हसले बरं का. वरचे चार दिसले."

"असू देत," ती म्हणाली. तेव्हा नवऱ्याला काळजी लागली.

पुढचे दिवस असेच गेले. बाई दात सरळ बसवायची आणि डबा बंद करायची. पोरगी न सांगता सगळी कामं करायची, आणि जीव मुठीत धरून बसायची. शेवटी एका दुपारी तिला राहवलं नाही.

"मावशी, दर वेळी तोच दात, म्हणजे ती खूणच होती ना? ती गेली. पण दात नाही ना गेले? ते तर तुमचेच आहेत. जिथे आहेत तिथे आहेतच की."

"खुणेशिवाय ओळखणार कशी?"

"आई ओळखते ना पोराला. कपडे बदलले म्हणून काय झालं?"

"शाळेत असली वाक्यं शिकवतात वाटतं," कवळीबाई म्हणाली. पण तिने पोरीच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि चहा टाकला. बऱ्याच दिवसांनी.

हॉलमधला कार्यक्रम शनिवारी होता. कवळीबाई नवऱ्याला घेऊन गेली. चांगली साडी नेसून, ओठ घट्ट मिटून, दुसऱ्या रांगेत बसली. मुलं एकेक करून स्टेजवर येत होती. बेकरीत गेलेल्या मुलाने स्वतः भाजलेला पाव आणला होता, त्याची एक बाजू कोळसा झाली होती आणि त्याने ती बाजू आईकडे करून धरली होती. छापखान्यात गेलेल्या मुलीची बोटं अजून काळी होती आणि ती त्यांचा तोरा मिरवत होती. डॉक्टरांच्या भाचीने पडद्यावर फोटो दाखवून, आपण दवाखान्यात काय काय पाहिलं ते सांगितलं. पुष्कळ पाहिलं होतं तिने. मग करिअर मॅडमनी माइकवरून उमेदवाराचं नाव पुकारलं.

पोरगी आली ती प्लास्टरचा जबडा आणि स्पिरिटचा दिवा घेऊन. हॉलमधले दोनतीन म्हातारे खुर्चीत जरा मागे सरकले. तिने सगळ्यांसमोर मेण गरम केलं आणि बोलता बोलता दात बसवायला सुरुवात केली. दात जागच्या जागी बसत होते, हे बाईने आधी पाहिलं.

"मला डेंटिस्ट व्हायचंय, अजूनही व्हायचंय," पोरगी म्हणाली. "मला वाटायचं दात डॉक्टर करतात. दात आमच्या मावशी करतात. त्यांना जबड्यावरून माणसाचं वय कळतं. त्या सुळ्यांची टोकं वयाप्रमाणे झिजवतात, म्हणजे दात नवे दिसत नाहीत, तुमचे दिसतात. आणि हा डावीकडचा दुसरा त्या असा, थोडा वळवून बसवायच्या. मला वाटलं चूक आहे. मी तो सरळ करून टाकला. ती चूक नव्हती, सही होती. मी न विचारता दुसऱ्याची सही खोडली."

त्या खुणेला सही असं कवळीबाईने कधी म्हटलं नव्हतं, तिला कळेना की पोरीला हे कोणी सांगितलं. कोणीच सांगितलं नव्हतं. पोरीने ते बघून बघून ताडलं होतं, वय ताडतात तसं.

मागून कोणाचे तरी वडील ओरडले, "पण हे दात लावलेलं माणूस कुठे आहे? आणा की दाखवायला!"

हशा पिकला. पोरगीही हसली. "तेच तर सापडत नाही काका. मावशी वीस-पंचवीस वर्षं शोधतायत. दवाखान्यात त्यांना कोणी बोलावत नाही. मी डॉक्टर झाले ना, की दात बसवणारं माणूस माझ्या खोलीत, पेशंटच्या समोर बसेल."

टाळ्या झाल्या. आता मॅडमनी पुढचं नाव पुकारायचं होतं. पण त्या माइकपाशी नुसत्या उभ्या होत्या, आणि त्यांचा हात तोंडाशी गेला होता. कवळीबाईने तो हात पाहिला आणि तिला त्याआडचे दात आठवले. रंग नेमका. सुळे वयाला शोभतील असे. ओठाला पोटभर आधार. तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याचं मनगट धरलं, इतकं घट्ट की तो कळवळला.

मॅडमनी हात खाली घेतला. "मी वर्षभर या मुलांना सांगतेय की कुठल्याही कामाची लाज बाळगू नका," त्या म्हणाल्या, "आणि स्वतः मात्र, घरात चुलत जावेला कळू नये म्हणून दार लावून दात धुते." हॉलमध्ये कोणाला हसावं की नाही ते कळेना. "स्कूटरवरून पडले होते. पुढचे गेले, मग हिरड्या बिघडल्या आणि बाकीचेही गेले. वरची सगळी ओळ याच दवाखान्यातली आहे. म्हणजे मागच्या गल्लीतली. दर आठवड्याला त्या खोलीत जाऊन बसत होते, आणि मला माहीत नव्हतं की मी माझेच दात घेऊन माहेरी जातेय."

असं म्हणून त्या स्टेजवरून उतरल्या आणि थेट दुसऱ्या रांगेपाशी येऊन उभ्या राहिल्या. कवळीबाई उठली. तिला कितीतरी बोलायचं होतं. तुम्हाला टोचतात का, रात्री काढून ठेवता ना, कधी कचऱ्यात टाकावेसे वाटले का. पण तोंडातून बाहेर पडलं ते नेहमीचंच:

"किती वर्षं झाली?"

"अकरा," मॅडम म्हणाल्या. "एकदाही दुखले नाहीत."

या प्रश्नाला आजवर कोणी उत्तर दिलं नव्हतं. कवळीबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "जरा हसा बघू." मॅडम हसल्या, त्यांच्या त्या सायकलवाल्याला ऐकू जाणाऱ्या हसण्याने, आणि बाई मान लांब न करता, चोरून न बघता, भर हॉलमध्ये मनसोक्त बघत राहिली.

"डावा सरळ आहे," ती शेवटी म्हणाली. "सोमवारी या. तो कापून काढून परत बसवून देते, होता तसा."

"या वयात वाकडा?"

"शोभेल."

नवरा मनगट चोळत मधे आला. "म्हणजे तो भित्रा कारागीर सापडला म्हणायचा?"

"भित्रा कोण म्हणालं?" कवळीबाई म्हणाली, आणि हसली. विसरूनच हसली, सगळे दात दाखवून. नुकतीच स्टेजवरून उतरून आलेली पोरगी समोरच उभी होती. तिने मावशीला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तिची नजर वरच्या ओळीवर गेली, मधून डावीकडे सरकली, दुसऱ्या दातावर थांबली. मग ती पुढे वाकली, चेहरा अगदी गंभीर केला आणि अदबीने विचारलं:

"किती वर्षं झाली?"

"जन्मापासून आहेत माझे!" कवळीबाई म्हणाली.